चाळीस दिवसांचे माळकरी

माणूस उपास करायला लागला की वर्षभरात बोलत नाही तेवढं जेवणाबद्दल बोलतो. आणि शेजारचा माणूस आपण आजारी पडलो तरी देत नाही तेवढं लक्ष आपल्या उपासाकडे देतो. त्यामुळे असेल, पण कंपनीतले किस्से सांगायला बसलो की निम्मे त्या चाळीस दिवसांतलेच निघतात. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. वर्षाचे बाकीचे दिवस आम्ही काय करत होतो ते मला तितकंसं आठवत नाही.

मी पिंपरीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत टर्नर होतो. मूळचे आम्ही नगरकडचे. मशीनशॉपच्या पलीकडच्या शेडमध्ये भट्टी होती. तिथे लोखंडाचे पार्ट लाल करून तेलात बुडवायचे. भट्टीवर शमुवेलभाऊ गायकवाड. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे, आणि चर्चच्या आमच्या छोट्याशा मंडळीचे पुढारी. त्यांच्या जोडीला बबन गायकवाड. आडनाव एक, गाव एक, दोघांचे पणजोबा सख्खे भाऊ. शमुवेलभाऊंच्या आजोबांनी मिशनच्या काळात ख्रिस्ती धर्म घेतला. बबनच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला.

"आमच्या भावकीत वाटून घ्यायला जमीन नव्हती," बबन सांगायचा, "म्हणून आमी धर्म वाटून घेतले."

* * *

आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी गुरुवारी. विजेची वाटणी तशी ठरली होती. रविवारी सकाळी सातला भोंगा नेहमीसारखा वाजायचा. ख्रिस्ती माणसाची मोठी पंचाईत. रविवारी उपासना, आणि आम्ही मशीनवर. शेवटी आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, तोडगा काढला. ते दर गुरुवारी संध्याकाळी खडकीहून सायकलवर यायचे आणि कुणा ना कुणाच्या खोलीवर प्रार्थनासभा भरायची.

आता उपासाचा नेम असा, की मटण-मासे बंद आणि दिवसातून एकदाच जेवण. पण रविवार उपासात धरत नाहीत. रविवार प्रभूचा दिवस, त्या दिवशी मोकळीक. मी तेव्हा नवीन होतो आणि डोकं जरा जास्त चालायचं. मी सभेत हात वर केला.

"पाळकसाहेब, आमचा रविवार गुरुवारी असतो. मग मोकळीक गुरुवारी धरायची की रविवारी?"

पाळकसाहेबांनी थोडा विचार केला. "उपासना गुरुवारी का घेतो आपण?"

"रविवारी सुट्टी नसते म्हणून."

"सुट्टी गुरुवारी का?"

"विजेसाठी."

"देवाकडची वीज जात नाही," पाळकसाहेब म्हणाले. "गुरुवारी उपास धरा."

* * *

एका वर्षी पाळकसाहेबांनी सांगितलं, की या चाळीस दिवसांत जेवणाबरोबर आपल्या आवडीची आणखी एक गोष्ट सोडा. कुणी सिनेमा सोडला, कुणी साखर. शमुवेलभाऊंनी तंबाखू सोडली.

भट्टीसमोर आठ तास उभं राहणाऱ्या माणसाची तंबाखू म्हणजे काय, ते भट्टीवाल्यालाच कळतं. पहिले दोन दिवस ते गप्प होते. तिसऱ्या दिवसापासून बोलायला लागले आणि जे बोलले ते सगळं बबनला बोलले. चिमटा इकडे का ठेवला, दार इतकं का उघडलं, तेल का सांडलं, श्वास एवढ्या जोरात का घेतोस. बबन आठ-दहा दिवस ऐकत राहिला. मग एका गुरुवारी प्रार्थनासभा सुटायच्या वेळी तो दाराशी येऊन उभा राहिला. पाळकसाहेब बाहेर आले तसा त्यानं हात जोडून जयभीम घातला.

"साहेब, एक विनंती होती. शमुदादाला दुसरं कायतरी सोडायला सांगा."

"का हो?"

"उपास त्यांचा हाय, अन् पुण्य त्यांना लागणार. पर ताप सगळा मला व्हतोय." मग त्यानं शमुवेलभाऊंकडे न बघता पुढचं सांगितलं. "तंबाखूच्या जागी त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं तरी चालंल. चाळीसच्या चाळीस दिवस."

पाळकसाहेबांनी शमुवेलभाऊंना बाजूला नेलं. काय बोलले माहीत नाही. दुसऱ्या दिवशी भट्टीवर शांतता होती. बबननं मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, "तंबाखू सोडलेलीच हाय. पर आता राग आला, की भायेर जाऊन नळाखाली डोकं धरत्यात."

त्या वर्षी शमुवेलभाऊंना एप्रिलात सर्दी झाली.

* * *

कंपनीच्या कँटीनमध्ये नाना होते. रहाटणीचे, गळ्यात तुळशीची माळ, कांदासुद्धा न खाणारे. पहिल्या वर्षी मी त्यांना सांगितलं, की दुपारचं ताट नको, उपास आहे. नाना आत गेले आणि माझ्यासाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आले.

"तसला नाही नाना. आम्हाला संध्याकाळी भाकरी चालते."

"भाकरी खाऊन कसला उपास?"

"एक वेळ जेवायचं. आणि मटण, मासे, अंडी बंद."

"दारू?"

"तीही बंद."

"शिव्या?"

"शिव्याही नाही द्यायच्या."

नानांनी लाडू परत उचलले. मग म्हणाले, "मंग मी तर लहानपनापासून ख्रिश्चनच हाय की."

पण खरी अडचण आली ती रहाटणीच्या जत्रेत. गावची जत्रा चैत्रात, म्हणजे नेमकी आमच्या उपासात. नाना माळकरी असले तरी त्यांच्या थोरल्या भावाकडे बोकड पडायचा आणि सगळ्या डिपार्टमेंटला बोलावणं असायचं. जावं तर मटण पुढ्यात येणार. न जावं तर गावकरी म्हणणार, आमच्या घरचं चालत नाही का तुम्हाला. आमच्यासारख्यांच्या बाबतीत हा प्रश्न उलट्या बाजूनं विचारायची गावांना सवय होती. आमच्या घरचं त्यांना चालतं का, असा. त्यामुळे आलेलं बोलावणं मोडणं शमुवेलभाऊंना नको होतं.

"जायचं," ते म्हणाले. "पुढचं बघू."

अंगणात दोन पंगती होत्या. मांडवात मटणाची, मोठी. आणि ओसरीवर माळकऱ्यांची, पुरणपोळीची, लहान. नानांनी आम्हा दोघांचे हात धरले आणि ओसरीवर आपल्या शेजारी नेऊन बसवलं. बबन मांडवातून आमच्याकडे बघत होता. त्याच्या पानात रस्सा पडत होता. मी शक्यतो तिकडे बघत नव्हतो.

वाढायला नानांची आई आल्या. ऐंशीच्या घरातल्या, कंबर वाकलेली. शमुवेलभाऊंसमोर थांबल्या आणि वाकून त्यांचा गळा बघितला.

"माळ कुठं हाय तुजी?"

ओसरीवरचे सगळे थांबले. नाना काही बोलणार तेवढ्यात शमुवेलभाऊंनी स्वतःच सांगितलं. "माळ न्हाई, आई. आमी ख्रिस्ती हाय. चाळीस दिवस पाळतो फक्त."

म्हातारीनं हिशेब केल्यासारखं तोंड केलं. "किती झालं?"

"पंचवीस."

"म्हंजी अजून पंधरा हायेत." त्यांनी शमुवेलभाऊंच्या पानात आणखी एक पोळी टाकली, तूप वाढलं, आणि माझ्यासमोर येऊन विचारलं, "तुजे बी पंधराच ऱ्हायले का?"

दुसऱ्या दिवसापासून सगळ्या मशीनशॉपमध्ये आमचं नाव पडलं. चाळीस दिवसांचे माळकरी.

* * *

शमुवेलभाऊंच्या बायकोचं नाव मार्था. आम्ही मार्थावहिनी म्हणायचो. आमच्या बायका उपासाच्या दिवसांत एक नेम पाळतात. स्वयंपाकाला काढलेल्या धान्यातून दर वेळी एक मूठ बाजूला एका भांड्यात टाकायची. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, ते भांडं देवासमोर नेऊन ठेवायचं. मार्थावहिनींचं भांडं म्हणजे पितळेचा चांगला मोठा डबा. तो दरवर्षी भरलेला असायचा, आणि शमुवेलभाऊ म्हणायचे, की हिच्या मुठीला माप नाही.

एका वर्षी बबनची बायको बाळंत झाली. जुळे झाले. त्याच सुमारास बबनचा हात भट्टीच्या दाराला लागून भाजला आणि तो घरी बसला. खोली शेजारचीच. मार्थावहिनी रोज सकाळी तिकडे जायच्या, पोरांना अंघोळ घालायच्या, परत यायच्या.

झावळ्यांच्या रविवारी आम्ही काही जण रजा टाकून चिंचवडला गेलो. तिथल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आमची उपासना व्हायची. बायका एकेक करून पुढे जाऊन भांडी ठेवत होत्या. ज्वारी, तांदूळ, बाजरी. मार्थावहिनींनी डबा ठेवला तेव्हा तो टेबलावर वाजला. रिकामं भांडं वाजतं तसा.

पाळकसाहेबांनी झाकण उघडून बघितलं.

"मार्थाबाई, हा रिकामा आहे."

"व्हय."

"मग आणला कशाला?"

"धान्य शेजारी गेलं," मार्थावहिनी म्हणाल्या. "डबा दाखवायला आणला. न्हाई आणला तर देवाला वाटंल, ह्या वर्षी हिनं काढलंच न्हाई."

पाळकसाहेबांनी झाकण परत लावलं नाही. डबा तसाच उघडा, बाकीच्या भांड्यांच्या मधोमध, उपासना संपेपर्यंत राहिला.

* * *

एका वर्षी ईस्टर चौदा एप्रिलला आला. म्हणजे शमुवेलभाऊंचा सण आणि बबनची बाबासाहेबांची जयंती एकाच दिवशी, आणि तो दिवस रविवार, म्हणजे कामाचा. भट्टी तापायला दोन तास लागायचे, म्हणून भट्टीवाल्यांना पहाटे पाचला हजर व्हावं लागायचं. शमुवेलभाऊंची उपासना साडेपाचला. बबनचं वस्तीतलं झेंडावंदन आठला. भट्टी बंद ठेवता येत नव्हती आणि ती ओळखणारी माणसं दोनच होती.

जोगळेकर नावाचे फोरमन होते. कडक, पण एका बाजूला झुकणारे नव्हते. त्यांनी दोघांना बोलावून सांगितलं, "एकाला रजा देतो. दुसऱ्याच्या जोडीला मशीनशॉपमधला माणूस देईन. कोण जाणार ते तुमचं तुम्ही ठरवा आणि शुक्रवारपर्यंत सांगा."

दोघं त्या आठवड्यात एकमेकांशी नीट बोलले नाहीत. मला वाटलं, आता भावकी उभी राहते.

शुक्रवारी दुपारी शमुवेलभाऊ एकटेच केबिनमध्ये गेले. "साहेब, बबनला सोडा. मी येतो." ते बाहेर पडले आणि दहा मिनिटांनी बबन गेला. "साहेब, शमुदादाला जाऊ द्या. चाळीस दिवस उपाशी हाय माणूस."

जोगळेकरांनी दोघांना परत आत बोलावलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुम्ही म्हणता, तुम्हाला रजा नको. हे म्हणतात, ह्यांना रजा नको. बरोबर?"

दोघांनी मान हलवली.

"उत्तम. दोघंही या."

रविवारी पहाटे पाचला दोघंही भट्टीवर होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. साडेसहाच्या सुमारास जोगळेकर आले. एवढ्या लवकर ते कधी येत नसत. त्यांनी भट्टीच्या तापमानाचा काटा बघितला, बबनच्या हातातला चिमटा घेतला आणि म्हणाले, "मी या भट्टीवर चार वर्षं काढली आहेत. नऊपर्यंत मी बघतो. जा, काय आहे ते उरकून या."

एका सायकलवर दोघं गेले. चिंचवडची उपासना संपत आली होती. शेवटचं गीत बबननंही म्हटलं, चाल माहीत नसताना. तिथून वस्तीत. झेंडावंदनाला शमुवेलभाऊ पहिल्या रांगेत उभे होते. परत यायला सव्वानऊ झाले. जोगळेकरांचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता.

"गायकवाड, पुढच्या वर्षी हा सण किती तारखेला आहे?"

"बघावं लागंल, साहेब. चंद्रावर असतो," शमुवेलभाऊ म्हणाले.

"मग आत्ताच बघून ठेवा," जोगळेकर म्हणाले. "माझं वय झालंय."

* * *

त्यानंतर काही वर्षांनी कंपनीत संप झाला. अडीच महिने चालला. शमुवेलभाऊ युनियनचे पहिल्यापासूनचे. मी दुसऱ्या महिन्यात आत गेलो. माझ्या धाकटीला विषमज्वर झाला होता. मला तेवढं कारण पुरेसं होतं, संपाला नव्हतं. मी गेटमधून आत गेलो तेव्हा शमुवेलभाऊ बाहेर उभे होते. त्यांनी मला अडवलं नाही. शिवी दिली नाही. नुसतं बघितलं.

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. संप मिटला, सगळे कामाला लागले, धाकटी बरी झाली, शाळेत जायला लागली. ते बोलले नाहीत. मीही गेलो नाही. जायला हवं होतं, हे आता सांगायला सोपं आहे.

पण मंडळी एक, त्यामुळे गुरुवारची प्रार्थनासभा एक. पुढच्या उपासात एका गुरुवारी सभा त्यांच्याच खोलीवर होती. आमच्यात प्रत्येकानं आपापल्या शब्दांत प्रार्थना करायची असते. सगळ्यांचे डोळे मिटलेले. शमुवेलभाऊंनी सुरुवात केली.

"हे प्रभू, तुझ्या शिष्यानं, पेत्रानं, कोंबडा आरवण्याआधी तुला तीन वेळा नाकारलं. आमच्यातल्या काहींनी सातचा भोंगा वाजण्याआधी नाकारलं. त्यांना क्षमा कर."

 पुढची पाळी माझी होती.

"हे प्रभू," मी म्हणालो, "त्याच पेत्राच्या हाती तू पुढे तुझी मेंढरं सांभाळायला दिलीस. याची आठवण आमच्या पुढाऱ्यांना दे."

माझं संपलं होतं. पण शमुवेलभाऊंनी परत सुरू केलं. "हे प्रभू, पेत्र बाहेर जाऊन ढसाढसा रडला होता. रडल्याशिवाय त्याला काही मिळालं नव्हतं."

"हे प्रभू," मी म्हणालो, "कोण घरी किती रडलं, ते तुलाच माहीत आहे."

पाळकसाहेब खाकरले. शमुवेलभाऊंनी पुढचा श्वास घेतला. तेवढ्यात चुलीच्या बाजूनं मार्थावहिनींचा आवाज आला.

"हे प्रभू, दिवसभराची उपाशी माणसं हायेत. चहा निवतोय. आमेन."

सगळे आमेन म्हणाले. शमुवेलभाऊही म्हणाले. चहा झाला. तिथेही आम्ही बोललो नाही.

* * *

त्याच उपासातला शेवटचा गुरुवार. शुक्रवारी प्रभूला क्रुसावर दिलं, त्याच्या आदली संध्याकाळ. त्या संध्याकाळी येशूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून आमच्यात त्या दिवशी पाय धुतात. गुरुवार असल्यामुळे सुट्टी होती आणि चिंचवडचा हॉल भरला होता.

आमच्या पाळकसाहेबांची पद्धत वेगळी होती. ते फक्त पहिल्या माणसाचे पाय धुवायचे. मग त्या माणसानं शेजारच्याचे, शेजारच्यानं त्याच्या शेजारच्याचे, असं ओळीनं शेवटपर्यंत. एक घमेलं, एक बादली, एक टॉवेल.

मला यायला उशीर झाला. पुरुषांच्या ओळीत एकच खुर्ची रिकामी होती, शमुवेलभाऊंच्या डाव्या हाताला. पाळकसाहेबांनी ती मुद्दाम ठेवली होती असं लोक नंतर म्हणाले. मी कधी विचारलं नाही. मी बसलो. पाय धुणं उजवीकडून डावीकडे येत होतं.

पेटी हळू वाजत होती. घमेलं सरकत सरकत शमुवेलभाऊंपर्यंत आलं. त्यांचे पाय धुऊन झाले. आता त्यांनी उठून माझ्यासमोर बसायचं होतं. ते बसूनच राहिले. पेटीवाल्यानं एक कडवं जास्तीचं वाजवलं. बायकांच्या बाजूनं मार्थावहिनी बघत होत्या.

मग ते उठले. भट्टीपायी त्यांचे गुडघे केव्हाच गेले होते. खुर्चीला धरून आधी एक टेकला, मग दुसरा. मी बूट काढून ठेवले होते. त्यांनी माझा उजवा पाय घेतला आणि घमेल्यात ठेवला. पाणी गार होतं. त्यांच्या हातांवर भाजल्याच्या पाऊणशे खुणा असतील. ते हात माझ्या टाचेवरून फिरले, बोटांच्या मधून फिरले. दहा वर्षांपूर्वी लेथवरून उडालेली लोखंडाची गरम कपची बुटात पडून माझ्या पावलावर डाग पडला होता, तिथे त्यांचा अंगठा जरा थांबला. मग डावा पाय. मग टॉवेल. त्यांनी घाई केली नाही. मी त्यांच्या डोक्याकडे बघत होतो. केस बरेच पिकले होते. अकरा महिन्यांत मी ते इतक्या जवळून बघितले नव्हते.

पाय पुसून झाले तरी त्यांनी पाऊल सोडलं नाही. हातात धरून बघत राहिले.

"नखं वाढलीत," ते म्हणाले. "काप."

"कापतो," मी म्हणालो.

मग उठायला त्यांनी माझ्यापुढे हात केला.